पहिलं नाव साखरबाईचं

आमच्या उंबरवाडीत यादी कुठलीही असो, तिचं पहिलं नाव ठरलेलं. जत्रेची वर्गणी असो, भैरोबाच्या पालखीचा मान असो, नाहीतर शाळेच्या भिंतीवर रंगवायची देणगीदारांची नावं असोत. आधी पोपटआप्पांचं घर, मग बाकीचं गाव. जत्रेदिवशी देवळाच्या ओट्यावर उभं राहून ही नावं पुकारायचं काम माझ्याकडं. तमाशाचा फड सुटला, पण गळा शाबूत राहिला. भोंगा बंद पडला तरी माझा आवाज भीमा ओलांडून पलीकडच्या दौंड तालुक्यातल्या मळ्यांत जातो, असं लोक म्हणतात. मी ते खोडून काढत नाही.

फडात मी उभी हयात गौळणीतली मावशी केली. डोईवर पदर, तोंडात पान, कमरेवर हात. त्यामुळं गावातल्या बायका मला भिमामामा म्हणायचं सोडून मावशीच म्हणतात, आणि मावशीला सांगण्यासारखं सगळं सांगून जातात. साखरबाईही सांगायच्या. त्यांच्यावर लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिवा की. पर त्या तानुबाईपरीस माझं जास्त लिवा."

तर त्यांचंच जास्त लिहितो.

साखरबाई म्हणजे पोपटआप्पांच्या मालकीणबाई. उंच, सावळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. चालायला लागल्या की जोडव्यांच्या आवाजावरून माणसं वाट सोडायची. हात सढळ, तोंड फटकळ, आणि स्वभावात एक गोष्ट काठोकाठ भरलेली: हेवा.

हेव्याची मला पारख आहे. फडात आमचं सगळं आयुष्य त्याच्या शेजारी गेलं. ग्यासबत्तीच्या उजेडात पुढं कोण उभं राहणार, यावरून सख्ख्या बहिणीनं बहिणीच्या चाळाची दोरी कापलेली मी पाहिली आहे. ढोलकीवाला एकीच्या लावणीला जरा जास्त रंगला, म्हणून दुसरीनं त्याच्या चहात मीठ घातलेलं पाहिलं आहे. तो हेवा समोरच्याचं घ्यायला बघायचा. साखरबाईंचा तसा नव्हता. त्यांच्या धाकट्या जावेनं, सुलक्षणानं, शाळेतल्या पोरांना केळी वाटली की दुसऱ्या दिवशी साखरबाईंकडून जिलेबी जायची. शेजारणीनं बाळंतिणीला डिंकाचे लाडू दिले की साखरबाई तुपाचा डबा घेऊन हजर. त्या जळायच्या आणि गाव जेवायचं. कित्येक बाळंतिणी त्यांच्या हेव्यावर गुटगुटीत झाल्या.

मग आमच्या भागात ती निळी गोळी आली.

मुळात ती दुखण्यावरची गोळी, अफूच्या जातीतली. मोठं ऑपरेशन झालं, कॅन्सरची कळ सोसवेना, तर डॉक्टर लिहून देतात. आमच्याकडं ती विनाचिठ्ठी मिळायला लागली, पानाच्या टपरीवरसुद्धा. ऊस भरणारी पोरं, कोरेगाव भीमाच्या गोडाउनवरचे हमाल, कुरकुंभच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे. पाठ मोडली म्हणून पहिली घ्यायची, दुसऱ्या दिवशी उभं राहता यावं म्हणून दुसरी, आणि नंतर न घेतली तर अंग फाटतं म्हणून घेतच राहायची.

तानुबाईचा धाकटा मल्हार त्यातच गेला. तानुबाई धनगराच्या, नदीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या. नवरा हरिबा वर्षातला निम्मा काळ मेंढरांमागं लांब, उरलेली चार-दोन मेंढरं ह्या सांभाळायच्या. मल्हार टेम्पोवर हमाली करायचा. एका सकाळी मेंढरांच्या वाड्याशेजारच्या बाभळीखाली निजलेला तो उठलाच नाही. अख्ख्या गावानं ते बघितलं. झाकायला तानुबाईकडं ना भिंत होती ना दार.

साखरबाईंच्या पोराचं, विश्वजीतचं मात्र कुणाला कळलं नाही. मोटरसायकलवरून पडून त्याची पाठ दुखावली, तेव्हापासून तोही निळीवर होता. पण त्या घराला भिंती जाड, आणि दारं बंद करायची सवय जुनी.

गोळ्यांचं प्रकरण पुढं कोर्टात गेलं. परराज्यातल्या एका औषध कंपनीनं हा माल पाण्यासारखा इकडं ओतला होता. खटला रखडत चालला आणि शेवटी कंपनीनं तडजोड केली, राज्य सरकारकडं मोठी रक्कम भरली. सरकारी पैसा आला की त्याच्या वासानं कोण कोण जागं होतं, हे आपल्याला माहीत आहे. सरकारलाही माहीत असावं, कारण या वेळी दोऱ्या चांगल्या आवळून बांधल्या होत्या. पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा. तो उपचारावर, समुपदेशनावर, प्रबोधनावर आणि पोरांना दवाखान्यात ने-आण करण्यावरच खर्चायचा. रस्ता, देऊळ, सत्कार यांवर नाही. शिरूर-दौंड मिळून एक देखरेख समिती नेमायची आणि तिच्यातली एक खुर्ची झळ बसलेल्या घरातल्या माणसाला द्यायची. गावाच्या वाट्याचा खर्च ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा. झळ बसलेल्या दोन घरांनी उभं राहून हरकत घेतली, तर तो खर्च जागच्या जागी थांबणार. आणि आधीच्या हप्त्याचा हिशेब पटल्याशिवाय पुढचा हप्ता सुटणार नाही. हे सगळं बघायला पुण्याहून सारिका मॅडम म्हणून एक बाई यायच्या. आवाज बारीक, पण नजर पक्की.

झळ बसलेल्या घरांची नावं घ्यायला ग्रामपंचायतीचा शिपाई भारत निघाला, तो सवयीनं आधी आप्पांच्या दारात गेला. यादी म्हटलं की त्याचे पाय तिकडंच वळायचे.

"वैनी, त्या गोळ्यांची नावं घ्यायचं चाललंय. तुमच्यात कोण हाय का?"

"आमच्यात?" साखरबाई म्हणाल्या. "आमच्यात कशाला आसंल? बस, चहा टाकती."

विश्वजीत माडीवरच होता. त्यानं ते ऐकलं. त्याच दुपारी आप्पांनी त्याला मळ्यातल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि गावात सांगितलं, पोरगा पुण्याला कंपनीत लागला.

पुढच्या ग्रामसभेत भोंगा बंद होता. झळ बसलेल्या ज्या घरांची नाव पुकारायला ना नव्हती, त्यांची यादी वाचायची होती. ग्रामसेवक मला म्हणाले, "मामा, तुम्हीच पुकारा." मी कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि पहिलं नाव पुकारलं, "तानुबाई हरिबा!"

सभेतली सगळी डोकी एकदम आप्पांच्या घरातल्या बायका बसल्या होत्या तिकडं वळली. गावात पहिल्यांदाच कुठली यादी दुसऱ्या घरापासून सुरू झाली होती. साखरबाईंनी पदर सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखलं. दुसऱ्याच बाईच्या अंगावर उजेड पडला की कनातीआड उभ्या असलेल्या नटीचा चेहरा असाच होतो.

समितीतली खुर्चीही तानुबाईलाच मिळाली. संध्याकाळी साखरबाई माझ्या ओसरीवर आल्या.

"मावशी, तुमच्या तोंडनं तिचं नाव पयलं कसं निघालं?"

"कागदावर पहिलं होतं, वैनी."

"कागद फाटला का न्हाई?" त्या खांबाला टेकून बसल्या. "सायबाशेजारी खुर्ची. कपबशीत चहा. जीप दाराम्होरं. नवं लुगडं नेसली व्हती, बघितलं का?"

"तिचा पोरगा गेला, वैनी."

"ठावं हाय मला!" त्या ओरडल्या, आणि मग एकदम आवाज खाली आला. "तिचा गेला तर समद्या गावानं तिला कुशीत घेतलं. ती रडती तर बाया डोळं पुसत्यात. मला रडायचं झालं तर मोटारीचा पंप चालू करावा लागतोय, आवाज जाऊ न्हाई म्हून."

आणि मग विश्वजीतचं सगळं त्यांनी मला सांगितलं. रोज दुपारी त्या मळ्यात डबा न्यायच्या. वाटेत कुणी विचारलं तर, "मोटारीवरच्या गड्याला." पोरगा वाळत चालला होता. गोळी कुणीतरी तिथंही पोचवत होतं. दौंडात भाड्याच्या इमारतीत उपचार केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली पोरं हळूहळू गोळीतून सुटत होती. पण खाटा थोड्या आणि त्या नोंद झालेल्या घरांना आधी. शिवाय केंद्राची पांढरी गाडी न्यायला दारात येणार.

"आप्पांस्नी म्हनले म्या. तर म्हनले, गाडी दारात आली म्हंजी गाव काय म्हनंल? मावशी, त्यो मरंल हो तिथं. आन् मी गड्याचा डबा म्हून डबा न्हेत बसन."

मी चहा टाकला. त्यांनी तो घेतला नाही.

त्यानंतर साखरबाईंनी एक नवंच काम अंगावर घेतलं. तानुबाईवर पाळत. एस.टी. थांब्यावर एक फ्लेक्स लागला: नशामुक्त उंबरवाडी. वर सरपंच, मधे पोपटआप्पा, आणि खाली कोपऱ्यात हात जोडलेल्या तानुबाई. साखरबाई तडक माझ्याकडं आल्या.

"फोटू बघितला का?"

"आप्पांचा मोठा आहे की," मी म्हणालो.

"त्यांचा कवाबी आसतोय. तिचा कशापायी?"

पुढच्या सभेत खर्च वाचून झाला तशी बायकांच्या बाजूनं आवाज आला, "त्या फ्लेक्साचं पैसं कुठनं आलं?" ग्रामसेवक चाचरले. सारिका मॅडमनी वर बघितलं. पैसे निधीतलेच निघाले. निधीच्या खर्चानं कुणाचे चेहरे लावायचे नाहीत, असा नियम होता. मॅडमनी सांगितलं, ज्यांचे फोटो आहेत त्यांनी पैसे परत भरायचे. पोपटआप्पांनी बायकोकडं असं बघितलं, की मला फडातला राक्षसाचं काम करणारा राक्षसपार्टी आठवला.

तानुबाई शांतपणे म्हणाल्या, "माझा बी काढा. मला कुनी इचारलंच नव्हतं."

"समितीला तानुबाईंसारखी माणसं हवीत," मॅडम म्हणाल्या, आणि सभेनं टाळ्या वाजवल्या.

"इचारलं म्या, आन् टाळ्या तिला!" साखरबाई घरी जाता जाता मला म्हणाल्या. "ह्याला काय म्हनायचं?"

तेव्हापासून त्या एकही सभा चुकवेनात. केंद्राची गाडी कुठं कुठं थांबते, समुपदेशक बाई ठरल्या दिवशी खरंच येतात का, औषधाची खोकी कुणाच्या ओट्यावर उतरतात, हे सगळं त्यांना पाठ. हेतू एकच. तानुबाईला कुठंतरी पकडायचं. तानुबाई काही सापडेनात. पण एकाच फेरीचं भाडं दोनदा लावणारा गाडीचा ठेकेदार सापडला, आणि सापडला तो असा भर सभेत, की त्याला पळायला वाट उरली नाही. सरकारनं नेमलेल्या माणसांना ठरलेल्या दिवशी नजर ठेवायची असते. साखरबाईंना रोज झोप लागत नव्हती.

अशातच कमान आली.

गावाच्या वेशीवर 'व्यसनमुक्ती प्रबोधन कमान' उभारायची, अशी कल्पना पोपटआप्पांनी काढली. वर त्यांच्या वडिलांचं नाव. सरपंच त्यांच्याच गटाचे. प्रबोधन हा शब्द असल्यामुळं कागदावर ते बसत होतं. निधीचा चालू हप्ता त्यात जाणार होता. आणि तोच हप्ता मिळाला तर दौंडच्या केंद्रात आमच्या बाजूच्या गावांसाठी खाटा वाढणार होत्या. तिथून पोरांना जागा नाही म्हणून परत लावत होते.

साखरबाईंना हे कळलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. घरातल्याच माणसाची कमान. आप्पांचं नाव घेऊन त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या, त्यांच्याविरुद्ध तर लांबच.

सभेच्या आदल्या दिवशी मात्र त्या माझ्याकडं आल्या, त्या जवळजवळ धावतच. हातात एक विटकं फडकं.

"हे काय हाय, वळका!"

मी वास घेतला. भाकरी आणि लसणाची चटणी.

"मळ्यात गेले. त्यानं माझा डबा उघडला बी न्हाई. कालची चपाती तशीच, तुपाची. आन् ह्या फडक्यात नुसता चुरा. म्या म्हनलं, कुनी दिलं? तर म्हनतोय, तानुमावशी देऊन जाती. मेंढरं बांधाला आली की."

"म्हणजे तानुबाईंना..."

"समदं ठावं हाय तिला! कवापसनं ठावं हाय. आन् गावात एक शबुद न्हाई काढला. एक न्हाई!" त्यांनी फडकं माझ्या ओट्यावर आपटलं. "समितीत बसती ती. उभी ऱ्हाऊन म्हनली असती, आप्पांचा पोरगा बी त्यातलाच, तर मला तिचा राग तरी करता आला असता. आता काय करू? मोठेपना बी तिनंच घ्यायचा व्हय?"

त्या खाली बसल्या. फडकं परत उचललं आणि म्हणाल्या, "त्यानं खाल्ली, मावशी. तिच्या हातची खाल्ली."

मी म्हणालो, "वैनी, उद्या सांगून टाका. नाव लागलं तर खाटेची वाट मोकळी होईल."

त्यांनी डोळे पुसले आणि नाक वर करून म्हणाल्या, "सांगितलं तर नाव कुठं येनार? तिच्या खाली." आणि स्वतःच हसल्या. हसता हसता परत रडल्या.

सभा देवळापुढच्या पारावर भरली. भोंगा चालू होता, पण त्यातून घरघरच येत होती, म्हणून पुकारा माझ्याकडं. मी कमानीचा खर्च वाचला. मग नियमाप्रमाणं विचारलं, "झळ बसलेल्या घरांची हरकत?"

तानुबाई उठल्या. बोलायची सवय नाही, पण बोलल्या. "दौंडात पोरं दारातनं माघारी लावत्यात, खाटा न्हाईत म्हून. त्यास्नी काय कमानीखाली निजवायचं का?"

दुसरं घर हवं होतं. नोंदीतलं एक कुटुंब ऊसतोडीला गेलेलं. दुसऱ्या घरातला माणूस आप्पांची जमीन वाट्यानं करत होता; तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. सारिका मॅडम सभेकडं बघत होत्या. "आणखी कुणी?" कुणी नाही.

पोपटआप्पा उठले. माणूस सभा जिंकायला उठतो तसे, हलक्या पावलानं.

"तानुबाई, तुमचं दुक्ख गावाचं दुक्ख हाय. कोन न्हाई म्हनतंय? पर एक घर म्हंजी गाव न्हवं. आन् आमी तुमाला इसरलो न्हाई. ह्या गावात झळ बसल्याल्या आयांचा समदा मान तुमचा. कमानीचा पयला नारळ तुमच्याच हातनं फोडू."

त्यांना वाटलं, आपण फार मोठं दान टाकलं. टाकलंही होतं. फक्त दान कुणाचं होतं ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. उंबरवाडीत पहिला नारळ साखरबाईंच्या हातचा. लग्न होऊन आल्यापासून.

जोडव्यांचा आवाज आला. बायकांमधून वाट काढत साखरबाई पुढं आल्या.

"पयला नारळ तिला?"

"अगं, बस खाली," आप्पा पुटपुटले.

"का म्हून? ती एकटीच आई हाय का ह्या गावात? तिच्याच एकटीच्या घरात झालं का समदं?" आवाज फुटला, पण थांबला नाही. "विश्वजीत पुण्याला न्हाई. मळ्यातल्या खोलीत हाय. त्यो निळी खातोय. मी गड्याचा डबा म्हून त्याला भाकर न्हेती. ऐका समदी. सुलक्षणा, तू बी ऐक, परत इचारू नगंस. मला बी झळ बसली. तिच्यापरीस कमी न्हाई बसली."

कुठूनतरी एक म्हातारी म्हणाली, "अगं बया."

साखरबाई शिपायाकडं वळल्या. "भारत, लिव माझं नाव. कमानीला माझी हरकत. आन् खाली नगं लिवू, वर लिव. ह्या गावातली यादी आमच्या घरापसनं सुरू व्हती." मग माझ्याकडं बोट केलं. "मावशी, बघता काय? पुकारा!"

फडात मी खूप वेळा आवाज लावला. पावसात लावला, गोंधळात लावला, आजारी असताना लावला. पण त्या दिवशीसारखा कधी नाही.

"साखरबाई पोपटराव! हरकत!" थोडा श्वास घेतला. "तानुबाई हरिबा! हरकत!"

पोपटआप्पा टोपी हातात घेऊन निघून गेले. सारिका मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं आणि लिहिताना चष्मा काढून पुसला. कमान तिथंच थांबली.

विश्वजीतला न्यायला पांढरी गाडी भर सकाळी आली. साखरबाईंनी त्याला मळ्यातून घरी आणलं होतं. "जाईल तर पुढच्या दारानं," असं त्यांचं म्हणणं. अख्खी गल्ली दारात उभी. गाडीला आत यायला जागा नव्हती, कारण आप्पांची जीप दारातच उभी होती. सगळे जीपकडं बघायला लागले. तेवढ्यात आप्पा बाहेर आले, कुणाशी न बोलता जीपमध्ये बसले, ती मागं घेत घेत थेट देवळापाशी नेऊन लावली, आणि तिथंच आत बसून राहिले.

समितीची सदस्य म्हणून तानुबाई गाडीत आधीच होत्या. विश्वजीत आत त्यांच्या शेजारी बसला. तानुबाईंनी सहज त्याचा हात हातात घेतला. खिडकीबाहेरून साखरबाईंनी ते पाहिलं. मी त्यांच्या शेजारी होतो. म्हटलं, आता काय होतंय!

"उतरा," साखरबाई म्हणाल्या. "माझा पोरगा हाय. मी बसती."

रुग्णासोबत एकालाच जाता येत होतं. तानुबाई उतरल्या. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. दार धरून उभ्या राहिल्या.

"बसा वैनी. तुमाला काय वाटलं, मला ही समितीची खुर्ची ग्वाड लागती? न्या खुर्ची. तुमी रोज दुपारच्या मळ्याकडं डबा घिऊन जायच्या, तवा मी बांधावनं बघायची. आन् जळायची. मला वाटायचं, हिला डबा न्यायला पोरगं हाय. म्हून मी भाकरी थापायला लागले. दुसरं कुनासाठी थापू?"

साखरबाईंचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, तो तिथंच राहिला. जन्मभर सगळ्या जगाचा हेवा केलेल्या बाईला, आपलाही कुणी हेवा करत असेल, आणि तोही त्या लपवून नेलेल्या डब्यासाठी, हे कधी सुचलंच नव्हतं. मग गाडीत बसून दार ओढून घेतलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या मागच्या काचेतून तानुबाईकडं बघत होत्या.

विश्वजीत अजून दौंडातच आहे. मधे एकदा पाय घसरला, पुन्हा सावरला. डॉक्टर म्हणतात, घाई करू नका. चौकशी होऊन कमानीचा प्रस्ताव रद्द झाला, हप्ता खाटांकडं गेला, आणि आमच्या बाजूची आणखी पोरं तिथं पोचली. त्यांच्यापैकी काहींच्या आया कधी बाहेर बोलल्या नव्हत्या. साखरबाई बोलल्यावर त्यांना तोंड फुटलं. साखरबाईंचा यावर दावा आहे. "तिच्यामुळं न्हवं हां, माझ्यामुळं," असं त्या मला बजावून सांगतात, आणि ते खरंच आहे.

मंगळवारी भेटीचा दिवस असतो. दोघी एकाच जीपगाडीनं जातात, समोरासमोरच्या सीटवर बसून. एकीच्या मांडीवर स्टीलचा डबा, दुसरीच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. जाताना बोलत नाहीत. येताना भांडतात, असं जीपवाला सांगतो. पोरगा कुणाशी जास्त बोलला, कुणाकडं बघून हसला, यावरून. सभेत मात्र निधीचा खर्च वाचायला लागलो की दोघी शेजारीशेजारी बसतात, आणि ग्रामसेवकांना घाम फुटतो.

गेल्या मंगळवारी साखरबाई परस्पर माझ्याकडं उतरल्या. डबा निम्मा भरलेला.

"आज बी तिचीच चटणी संपवली," त्या म्हणाल्या. खांबाला टेकून बसल्या. इकडं तिकडं बघितलं. मग हळूच, "मावशी, ती लसूण भाजून घालती का कच्चा?"

"मला काय ठाऊक? तिलाच विचारा की."

"मी?" नाक वर गेलं. "मी न्हाई इचारायची. तुमी इचारा."

मी विचारलेलं नाही. त्यांनीही नाही. पण काल त्यांच्या परसावरून येताना पाहिलं, भिंतीच्या कडेनं जास्वंदीच्या जागेवर लसणाचा नवा वाफा केलेला आहे, आणि त्याला पाणी घालायला पोपटआप्पा उभे होते.